समुद्रतळाच्या गाळातले गंधकजीव : दोन अब्ज वर्षांत खरंच काही बदललं नाही?

निवळशंख

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक जुनी बातमी फिरत फिरत पुन्हा आली. ऑस्ट्रेलियातल्या खडकांत असे सूक्ष्मजीव सापडले की जे दोन अब्ज वर्षांत बदललेच नाहीत. खाली एका नातेवाइकांनी लिहिलं, "म्हणजे डार्विन खोटा ठरला." मी दोन ओळींत उत्तर दिलं, पण मला स्वतःलाच ते पुरेसं वाटलं नाही. या बातमीमागचा शोधनिबंध २०१५ चा आहे. तेव्हा वाचला होता, या आठवड्यात पुन्हा सावकाश वाचला. त्यातली खरी गोष्ट बातमीपेक्षा कितीतरी सुंदर आहे आणि वादाचीही आहे, म्हणून हा धागा काढतोय.

सुरुवात जिवंत जिवांपासून करतो, कारण ते समजल्याशिवाय खडकातलं काही कळत नाही.

चिली आणि पेरूच्या किनाऱ्यालगत समुद्राचं खोल, थंड, क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांचं, उदंड पीक येतं. ते मरून खाली जातं, कुजतं, आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं. त्यामुळे तिथल्या उथळ समुद्राच्या तळाशी ऑक्सिजन जवळजवळ नसतो. अशा ठिकाणी सगळं मेलेलं असेल असं वाटतं. पण विक्टर आरियल गायार्दो या चिलियन शास्त्रज्ञाला तिथल्या गाळात पांढुरक्या केसांसारख्या जिवाणूंचं रान सापडलं. १९७७ साली त्याने ते 'नेचर'मध्ये जगासमोर मांडलं. तिथल्या मच्छीमारांना ते आधीपासून ठाऊक होतं. जाळ्यात अडकून वर येणाऱ्या त्या गुंत्याला ते 'एस्तोपा' म्हणत, म्हणजे पिंजलेल्या तागाचा पुंजका. आपल्याकडचा काथ्याचा पिंजलेला गुंता डोळ्यांसमोर आणा.

या जिवाणूचं नाव थायोप्लोका. एका चिकट नळीत अनेक तंतू वेणीसारखे एकत्र राहतात. नळी गाळात काही सेंटिमीटर खोल उभी असते. तंतूची जाडी १२ ते ४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, म्हणजे जिवाणूंच्या मानाने राक्षसी. गाळाच्या एका चौरस मीटरमध्ये नळ्यांसकट किलोभर ओलं वजन भरल्याच्या नोंदी आहेत. एक किलो जिवाणू, एका चटईएवढ्या जागेत!

आता त्याचा संसार बघा. खाली गाळात दुसरे जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, तोच तो सडक्या अंड्याचा वास. थायोप्लोकाचं अन्न ते. पण ते 'जाळायला' ऑक्सिजन नाही. मग तो वरच्या पाण्यातलं नायट्रेट वापरतो. अन्न खाली आणि नायट्रेट वर, अशी फारकत. म्हणून तंतू नळीतून सरकत वर येतो, पेशीतल्या मोठ्या पोकळीत नायट्रेट भरून घेतो आणि पुन्हा खाली जातो. विहिरीवर जाऊन घागर भरून आणावी तसं. १९९५ साली मोजणी झाली तेव्हा कळलं की ही घागर साधी नाही. बाहेरच्या पाण्यात जेवढं नायट्रेट असतं त्याच्या हजारो पट, जास्तीत जास्त २०,००० पटीपर्यंत, तो आत साठवतो.

आता खडक. पश्चिम ऑस्ट्रेलियात डक क्रीक नावाच्या थरांमध्ये सुमारे १.८ अब्ज वर्षांपूर्वीचा चर्ट आहे. चर्ट म्हणजे गारगोटीच्या जातीचा, सिलिकाचा घट्ट खडक. आणि टुरी क्रीक गटात सुमारे २.३ अब्ज वर्षांपूर्वीचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जे. विल्यम शॉफ आणि त्यांचे सहकारी (गायार्दो त्यांतच आहे, हे मला फार आवडलं) यांनी दोन्हींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आत तंतूंची कोळिष्टकासारखी जाळी होती. त्यांनी तीन गोष्टी जोडल्या.

एक, तंतू कार्बनी द्रव्याचेच आहेत, हे रामन वर्णपटावरून (नमुन्यावर पडून विखुरलेल्या प्रकाशाच्या रंगबदलावरून). इथे सी. व्ही. रामन यांचं नाव भेटतं तेव्हा मला दर वेळी थांबावंसं वाटतं. १९२८ मध्ये कोलकात्यात सापडलेला परिणाम आज दोन अब्ज वर्षांचा कोळसलेला जिवाणू ओळखायला वापरतात.

दुसरी गोष्ट रचनेची. उजेडावर जगणारे जिवाणू प्रकाशाकडे तोंड करून थरांवर थर रचतात. इथे तसं काही नाही. तंतू सगळ्या दिशांना, गाळाच्या आत, अंधारात विणल्यासारखे. आजच्या चिलीच्या चिखलात असतात तसे.

तिसरी गंधकाची. सोबतच्या पायराइट या लोखंड-गंधकाच्या खनिजातल्या गंधकाचे समस्थानिक, म्हणजे वजनाने हलके-जड प्रकार, मोजले. सल्फेटवर जगणारे जिवाणू हलका गंधक पसंत करतात, जड मागे ठेवतात. ती निवड खडकात उमटलेली दिसली.

म्हणजे एकाच घरातली दोन कुटुंबं, सल्फाइड करणारे आणि सल्फाइड खाणारे, दोन्ही हजर. शिवाय हा काळ महत्त्वाचा. हवेत ऑक्सिजन पहिल्यांदा वाढला तो साधारण २.४ ते २.३ अब्ज वर्षांपूर्वी. त्याने जमिनीवरचे खडक गंजले, समुद्रात सल्फेट आणि नायट्रेट वाढलं. म्हणजे या गंधकजीवांचं ताट वाढलं गेलं आणि ते लगेच जेवायला बसले, असा शॉफ यांचा अर्थ.

मग २.३ चे, १.८ चे आणि आजचे, तिन्ही समाज सारखे दिसतात. शॉफ यांचं म्हणणं असं की हे डार्विनच्या विरोधात नाही, उलट त्याच्याच सिद्धान्तातून निघतं. परिसर बदलला नाही तर बदलण्याचा दबाव नाही. खोल गाळ हा पृथ्वीवरचा सर्वांत न बदललेला परिसर. तिथला जीव तसाच राहिला तर नवल ते काय?

मला हे पटतं, पण पूर्ण नाही. मंडळी, तुमचं मत हवंय.

ओंजळ

खूप आवडलं. मी विज्ञान शिकवते पण जीवशास्त्र माझा विषय नाही. नायट्रेट म्हणजे आपण शेतात घालतो तेच ना? त्यावर श्वास कसा घेता येतो? मुलांना हे कसं सांगाल?

निवळशंख

हो ताई, तेच. श्वासात ऑक्सिजनचं काम एवढंच की अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन शेवटी कुणीतरी स्वीकारायचे. ऑक्सिजन ते फार चांगलं करतो, म्हणून आपण त्याच्यावर विसंबलो. पण नायट्रेटही स्वीकारू शकतं, लोखंडही, सल्फेटही. मिळणारी ऊर्जा त्या क्रमाने साधारण कमी कमी होत जाते. थायोप्लोका ते इलेक्ट्रॉन नायट्रेटला देतो आणि शेवटी अमोनियम बाहेर टाकतो. मुलांना सांगताना मी 'श्वास' म्हणजे हवा आत घेणं नव्हे, तर उरलेलं ओझं कुणाच्या तरी हाती देणं, असं सांगेन.

दर्याकिनारी

उत्तम धागा. मी गोव्यात असते आणि समुद्राच्या गाळाच्या नमुन्यांवर काही वर्षं काम केलंय, म्हणून आपल्या किनाऱ्याचं थोडं सांगते.

हा विषय चिलीपुरता नाही. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीच्या दरम्यान ऑक्सिजनचं प्रचंड दुर्भिक्ष असलेला पट्टा आहे, जगातल्या सगळ्यांत मोठ्या अशा पट्ट्यांपैकी एक. पाकिस्तानच्या किनाऱ्यालगत या पट्ट्याच्या गाळात थायोप्लोका सापडल्याचं २००१ मध्ये प्रसिद्ध झालंय. म्हणजे निवळशंख यांचा हा जीव आपल्याच समुद्रातला आहे.

आणि दुसरं, आपल्या अगदी दारातलं. पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या किनाऱ्याजवळ खोलचं कमी ऑक्सिजनचं पाणी वर सरकतं. वरून पाऊस आणि नद्यांचं गोडं पाणी त्याच्यावर झाकणासारखं बसतं, त्यामुळे हवा मिसळत नाही. नारळी पौर्णिमेनंतर बोटी बाहेर पडतात त्या दिवसांत, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास, तळाजवळ ऑक्सिजन संपतो आणि काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी हे २००० साली 'नेचर'मध्ये मांडलं. कांदोळीच्या समोर एका ठरलेल्या जागेवर १९९७ पासून ते वर्षानुवर्षं मोजणी करत आलेत.

माझं काम फोरामिनिफेराचं. एकपेशीय जीव, पण जिवाणू नव्हेत. बहुतेकांचं चुन्याचं कवच असतं. गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, उरलेली रेती वाळवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याने एकेक कवच उचलायचं. नमुना गोळा करतानाच त्यात रोझ बेंगॉल हा रंग मिसळतात. जिवंत असलेल्यांचा जीवरस गुलाबी होतो. तासन्‌तास मान वाकवून बसावं लागतं. पण ऑक्सिजन कमी असलेल्या नमुन्यात बोलिव्हिनासारखी लांबट, निमुळती कवचं भराभर दिसायला लागतात आणि तुम्हाला उपकरणाशिवाय कळतं की हा गाळ कुठून आलाय. तो क्षण मला अजूनही आवडतो. आमच्याकडच्या मंडळींनी मध्य पश्चिम किनाऱ्यावर अशा सरळ रेषेत वाढणाऱ्या कवचांचं प्रमाण म्हणजे जुन्या काळच्या ऑक्सिजन-टंचाईची खूण, अशी मांडणी केलेली आहे.

गंमत पुढे आहे. २००६ मध्ये स्वीडनच्या एका फ्योर्डमधल्या (चिंचोळ्या, खोल खाडीतल्या) ग्लोबोबुलिमिना या फोरामिनिफेरावर प्रयोग झाले आणि कळलं की तोही पेशीत नायट्रेट साठवतो आणि ऑक्सिजनशिवाय त्यावर जगतो. थायोप्लोकाशी नातं नाही, पण युक्ती तीच.

तर्ककठोर

धागा चांगला आहे, पण मला मूळ निष्कर्षावर गंभीर आक्षेप आहेत.

पहिला. तंतू हा जिवाणूंचा सगळ्यांत सामान्य आकार आहे. लांब, गोल, आडवे पडदे असलेला दोरा. अनेक असंबंधित जिवाणू असे दिसतात. दोन दोऱ्या सारख्या दिसल्या म्हणून त्या एकाच गिरणीतल्या, असं म्हणता येत नाही.

दुसरा. शॉफ यांचं नाव आलं की एपेक्स चर्ट आठवतो. १९९३ मध्ये त्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्याच जवळपास ३.४६ अब्ज वर्षांच्या खडकातून अकरा प्रकारचे तंतू वर्णिले आणि ते पाठ्यपुस्तकांत गेले. २००२ मध्ये मार्टिन ब्रेझियर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती जागा मुळात गरम पाण्याच्या शिरेतली आहे आणि ते 'तंतू' खनिजांच्या वाढीने सरकवलेला कार्बन असू शकतात. शॉफ यांनी आपली बाजू सोडली नाही, २०१७ मध्येही नवी मोजणी घेऊन आले. पण आकारावरून जीव ओळखणं किती निसरडं आहे, हे त्या वादाने शिकवलं.

तिसरा आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. बदल दिसला तर उत्क्रांती सिद्ध, बदल दिसला नाही तरी उत्क्रांती सिद्ध. मग चूक ठरण्याची शक्यता कुठे राहिली?

निवळशंख

आक्षेप योग्य आहेत. एकेक घेतो.

एपेक्सचा वाद खडक मुळात गाळाचा आहे की नाही आणि त्यातलं द्रव्य जैविक आहे की नाही, यावर होता. डक क्रीकमध्ये गाळाचा खडक आहे यावर तसा वाद नाही. पण तुम्ही म्हणता ती सावधगिरी मला मान्य.

आकाराबद्दल: दावा फक्त दोऱ्यावर उभा नाही, तर दोरा, जाळी, अंधारातली जागा आणि गंधकाची खूण हे सगळं एकत्र सापडण्यावर आहे. एकट्या दोऱ्यावर मीही विश्वास ठेवला नसता.

तिसऱ्यावर मी अडकतो. लेखकांनी शीर्षकातच 'आश्वासक पुरावा' एवढंच म्हटलंय, 'सिद्ध झालं' नव्हे. आणि खोल गाळ खरोखर बदलला नाही हे आधी स्वतंत्रपणे दाखवावं लागेल. ते दाखवलं आणि तरीही जीव खूप बदललेला निघाला, तर त्यांचं म्हणणं पडेल. म्हणजे पडण्याची वाट आहे. ती कुणी चालून बघितली आहे का, हा तुमचा प्रश्न उरतोच.

सूक्ष्मदर्शी

मी जिवाणूंच्या जनुकांवर काम करतो, म्हणून थोडं.

थायोप्लोका, बेगियाटोआ, थायोमार्गारिटा ही नावं मुळात आकारावरून दिली गेली. नळीत राहतो तो थायोप्लोका, नळीशिवाय तो बेगियाटोआ, मण्यांसारखा तो थायोमार्गारिटा. २०११ मध्ये एकेक पेशी उचलून तिचा जनुकक्रम वाचला गेला तेव्हा ही मांडणी मोडली. चिलीच्या समुद्रातला थायोप्लोका आणि गोड्या पाण्यातला थायोप्लोका (ज्यावरून हे नाव पडलं तो मूळ जीव, १९०७ मध्ये युरोपातल्या एका तलावातून वर्णिलेला) हे एकाच नावाखाली राहिले नाहीत. समुद्रातल्यांसाठी 'मारिथायोप्लोका' असं वेगळं नाव सुचवावं लागलं. नळीत राहण्याची सवय वेगवेगळ्या शाखांत दिसते.

विचार करा. आज, जिवंत, हातात असलेले दोन जीव सारखे दिसतात आणि जनुकांनी वेगळे निघतात. मग १.८ अब्ज वर्षांपूर्वीचा आणि आजचा सारखा दिसतो म्हणून आतूनही सारखा, असं कसं म्हणावं? जनुकं खडकात टिकत नाहीत. आकार गोठलेला असू शकतो आणि आतलं यंत्र पुन्हापुन्हा बदललेलं असू शकतं. म्हणून 'बदलला नाही' ऐवजी 'आकार आणि धंदा टिकला' असं म्हणावं. मला तेवढंही विलक्षण वाटतं.

निवळशंख

'आकार आणि धंदा टिकला.' हे वाक्य मी घरच्या गटावर तुमची परवानगी घेऊन टाकतो. माझं अर्धवट पटणं नेमकं इथेच अडकलं होतं, पण मला ते मांडता येत नव्हतं.

सूक्ष्मदर्शी

जरूर टाका.

पिलबारावासी

मी पर्थहून. कामासाठी पाराबर्डूच्या लोखंडाच्या खाणीत तीन वर्षं ये-जा केली, तो सगळा हाच मुलूख. डक क्रीकचे थर तिथून फार दूर नाहीत.

तिथे पहिल्यांदा उतरलो तेव्हा कोकणातल्या जांभ्याची आठवण झाली, एवढी माती लाल. पण जांभा म्हटलं तर कालचा, आणि तिथला पट्टेदार लोहखडक अडीच अब्ज वर्षांचा. लाल, काळ्या, राखाडी पट्ट्यांचे कडे, मध्ये स्पिनिफेक्सचं काटेरी गवत, आणि मैलोनमैल माणूस नाही.

डोलोमाइट या चुनखडीसारख्या खडकाच्या थरांमध्ये चर्टच्या काळ्या पट्ट्या आणि गाठी मी पाहिल्यात. फोडली तर काचेसारखी फुटते, कडा हात कापते. पण डोळ्यांना त्यात काहीच दिसत नाही. एक भूशास्त्रज्ञ बाई आमच्या वसतिगृहात राहायला होत्या. त्यांनी एकदा प्रकाशात धरलेला काप दाखवला. मधासारखा पारदर्शक तुकडा आणि त्यात तपकिरी धागे. मी विचारलं, हे वाळवी किंवा बुरशीने नंतर आत केलेलं नाही कशावरून? त्या म्हणाल्या की पहिला प्रश्न तोच विचारायचा असतो: धागा सिलिकाच्या स्फटिकांच्या आत गुंतलेला आहे की एखाद्या नंतरच्या भेगेतून आलाय. पुष्कळ दावे तिथेच गळतात. तर्ककठोर यांच्यासारखी माणसं तिथे रोज असतात.

रानवाटा

दर्याकिनारी यांच्या प्रतिसादात थोडी भर. अरबी समुद्राचा हा मृत पट्टा पहिल्यांदा नीट लक्षात आला तो १९३३-३४ च्या जॉन मरे मोहिमेत. जहाज इजिप्तचं, 'मबाहिस'. प्रमुख सिमोर स्यूएल, जे त्याआधी कोलकात्याच्या भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे संचालक होते. ओमानच्या आखाताच्या बाजूला काही ठिकाणी तळातून वर आलेल्या चिखलात प्राणीच नव्हते आणि त्याला हायड्रोजन सल्फाइडचा वास होता.

प्राणी नसण्याचा फायदा खडकाला होतो. गाळ उकरणारे किडे नसले की थर विसकटत नाहीत, वहीच्या पानांसारखे राहतात. कराचीसमोरून काढलेल्या गाळाच्या नळकांड्यांत नेमकं हेच वाचलं गेलं. उत्तरेत ग्रीनलंड उबदार असताना इथे पानं स्पष्ट, म्हणजे ऑक्सिजन नव्हता. तिकडे थंडी पडली की इथली पानं विसकटलेली, म्हणजे किडे परतले. १९९८ साली हा १,१०,००० वर्षांचा इतिहास मांडला गेला.

यावरूनच मला निवळशंख यांच्या 'खोल गाळ बदलत नाही' या वाक्यावर शंका आहे. अरबी समुद्राचा तळ एका लाख वर्षांत कितीतरी वेळा ऑक्सिजनचा आणि बिनऑक्सिजनचा झाला. दोन अब्ज वर्षांत किती वेळा झाला असेल?

निवळशंख

रानवाटा, हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता आणि तो भारी आहे.

मी असं बघेन: एखादा ठराविक तळ बदलतो, पण 'सल्फाइड खाली, नायट्रेट वर' अशी जागा पृथ्वीवर कुठे ना कुठे कायम राहिली. जिवाणू त्या जागेच्या मागे जातात. कोळ्यांची वस्ती जशी खाडीच्या मुखामागे सरकते, घर बदलतं पण धंदा तोच. चिलीतही एल निन्योच्या वर्षांत तळाला ऑक्सिजन वाढतो आणि थायोप्लोकाचं रान विरळ होतं. पाणी पुन्हा पूर्वीसारखं झालं की ते परततं.

पण मग शॉफ यांचं 'न बदलणारा परिसर' हे वाक्य दुरुस्त करायला हवं. परिसर न बदलणारा नव्हे, पुन्हापुन्हा मिळणारा. हे दोन वेगळे दावे आहेत, आणि दुसऱ्यात जिवाला हलावं, पसरावं, उपाशी तगावं लागतं. म्हणजे निवडीचा दबाव आहेच.

तर्ककठोर

हे मला पटलं. 'दबाव नाही म्हणून बदल नाही' यापेक्षा 'दबाव सतत तोच, म्हणून आकार तोच' हे जास्त तपासण्याजोगं आहे.

आकारावरून फसण्याचं दुसरं उदाहरणही इथे नोंदवतो, कारण ते याच घराण्यातलं आहे. चीनच्या ग्वीजो प्रांतात, वेंगआनला, दोशांतुओ थरांच्या फॉस्फेटमध्ये गोल गोल सूक्ष्म जीवाश्म आहेत, साठ कोटी वर्षांच्या आसपासचे. दोन, चार, आठ पेशींच्या गाठी. १९९८ मध्ये ते प्राण्यांचे भ्रूण म्हणून जाहीर झाले. २००७ मध्ये दुसऱ्या गटाने म्हटलं की हे भ्रूण नसून थायोमार्गारिटासारखे राक्षसी गंधकजीव आहेत, कारण तेही असेच विभागतात. मग कुणीतरी खरे थायोमार्गारिटा घेऊन ते कुजताना कसे दिसतात हे पाहिलं, २०१२ मध्ये, आणि जुळत नाही असं सांगितलं. आणखी एका गटाने त्यांना प्राणीही नाही नि जिवाणूही नाही, वेगळेच एकपेशीय ठरवलं. एकाच गोळीवर तीन मतं.

ओंजळ

थायोमार्गारिटाबद्दल कुणी सांगेल का? नाव सारखं येतंय.

सूक्ष्मदर्शी

नाव म्हणजे गंधकाचा मोती. १९९७ मध्ये हाइडे शुल्त्स नामिबियाच्या किनाऱ्यासमोर थायोप्लोका शोधायला गेल्या होत्या. तो फारसा मिळाला नाही, पण गाळात पांढऱ्या मण्यांच्या माळा चमकत होत्या. एकेक मणी म्हणजे एक जिवाणू, बहुधा ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा, कधी ०.७५ पर्यंत. नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्याला थायोप्लोकासारखं सरकता येत नाही. तळाशी वादळ होऊन गाळ उसळला की त्याला वरचं पाणी मिळतं, तेव्हा नायट्रेट भरून घ्यायचं आणि पुढच्या उसळीपर्यंत पुरवायचं. पांढरी चमक आत साठवलेल्या गंधकाच्या कणांची.

२०२२ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूपच्या खारफुटीत त्याचाच नातेवाईक सापडला, सरासरी जवळजवळ सेंटिमीटरभर लांब, पापणीच्या केसाएवढा. एक पेशी!

आणि फॉस्फेटचा संबंध योगायोग नाही. थायोमार्गारिटा पेशीत फॉस्फेटही साठवतो आणि ऑक्सिजन संपला की बाहेर सोडतो. त्यातून गाळात फॉस्फेटचं खनिज तयार होतं, असं २००५ मध्ये दाखवलं गेलं.

ओंजळ

धन्यवाद. एक शेवटचं. जिवाणूला हाडं नाहीत, कवच नाही. तो दोन अब्ज वर्षं टिकला कसा? आणि चिलीच्या चिखलातले आजचे जीव पुढे असेच टिकतील का?

निवळशंख

ताई, हा प्रश्न धाग्याच्या सुरुवातीलाच यायला हवा होता.

त्या काळी समुद्राच्या पाण्यात विरघळलेली सिलिका आजच्यापेक्षा खूप जास्त होती, कारण ती पाण्यातून काढून घेणारं कुणी नव्हतं. स्पंज, रेडिओलॅरिया, डायॅटम हे सिलिकाची घरं बांधणारे सगळे नंतर आले. त्यामुळे गाळात सिलिका जेलीसारखी लवकर साखळायची आणि जिवाणू कुजून कोसळायच्या आत त्याला सगळीकडून वेढून टाकायची. त्याचाच चर्ट झाला. आज डायॅटम पाण्यातली सिलिका इतकी ओढून घेतात की चिलीच्या गाळात तसं घडणं अवघड. तिथला थायोप्लोका मेला की बहुधा कुजतो, खुणा म्हणून पायराइट आणि समस्थानिकं तेवढी राहतात. उरलेली एक वाट फॉस्फेटची.

दर्याकिनारी

फॉस्फेटच्या वाटेवर एक भर. आपल्या पश्चिम किनाऱ्याबाहेरच्या समुद्रतळावरही फॉस्फोराइट, म्हणजे फॉस्फेटचा खडक, सापडलेला आहे आणि त्यात सूक्ष्मजीवांच्या तंतूंच्या खुणा असल्याचं आमच्या संस्थेतल्या जुन्या मंडळींनी मांडलंय. मी स्वतः तो काप एकदा पाहिलाय. तेव्हा मी फक्त फोरामिनिफेरा शोधत होते, तंतूंकडे नीट बघितलं नाही. पुढच्या महिन्यात तो पुन्हा काढून बघते आणि इथे लिहिते. तर्ककठोर, भेगेतून आलेत की आत गुंतलेत, ते आधी तपासेन.

तर्ककठोर

वाट बघतो. शक्य असेल तर फोटोच्या कडेला मोजपट्टी ठेवा, म्हणजे जाडी मोजता येईल.